देणगी कुणाला द्यावी? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी एकदा बोलून गेलो, की वीसेक वर्षं छोट्या विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहिण्यात गेली. तेव्हापासून देणगीची गोष्ट निघाली की माझा फोन वाजतो: पितृपक्षात, दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीला तर रोजच. प्रश्न तेच ते, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. संस्थांची नावं जिथे आली आहेत तिथे ती उदाहरणादाखल आहेत. चौकशी तुमची तुम्हीच करायची आहे.

१. पुण्यात ढिगाने संस्था आहेत. सुरुवात कुठून करू?

संस्थांची यादी बाजूला ठेवा आणि तुम्हाला स्वतःला काय सलतं ते आधी बघा. आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ बीडहून शिकायला आले आणि पहिलं वर्ष नातेवाइकांच्या जिन्याखाली झोपून काढलं. त्यांना विषय शोधावा लागलाच नाही, खेड्यातून येणाऱ्या मुलांची राहण्याजेवणाची सोय हाच त्यांचा विषय. त्यासाठी विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी, १९५५ पासून हेच काम करणारी संस्था पुण्यात आहे. कुणाच्या घरात दारूने वाट लावलेली असते, त्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं (१९८६) काम समजावून सांगावं लागत नाही. कुणाला पोथ्या आणि जुनी कागदपत्रं वाचली पाहिजेत असं वाटतं, त्याच्यासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आहे, भांडारकर संस्था (१९१७) आहे. हेही समाजकार्यच, पण उपाशी मूल दिसलं की त्यापुढे हस्तलिखित मागे पडतं, म्हणून अशा संस्थांकडे देणगीदार कमी वळतात.

विषय ठरला की त्यात काम करणाऱ्या दोन-तीन संस्था शोधा, शक्यतो रिक्षाने किंवा पीएमपीने जाऊन येता येईल अशा. अंदाजच येत नसेल तर पितृपक्षाच्या सुमारास पुण्यात भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन गाठा. वेगवेगळ्या संस्थांची माणसं तिथे एका छताखाली भेटतात. पहिल्या फेरीत चेकबुक घरी ठेवून जा.

२. संस्था खरी आहे की नुसती पावतीपुस्तकवाली, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. जुनी माणसं अजून ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट १९५०’ म्हणतात, तोच हा कायदा. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला हवा. त्यात पुढे ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर आणि मागे ‘पुणे’ असतं. काही नव्या संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपन्या असतात. त्यांची नोंद कंपनी निबंधकांकडे सापडते, धर्मादायकडे नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका.

मग मागा गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. चांगली संस्था एका ईमेलवर पाठवते. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ हे उत्तर तिसऱ्यांदा आलं की आपण आपला रस्ता धरावा.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव असणं म्हणजे सरकारने चारित्र्याचा दाखला दिला असं नव्हे. तिथे संस्था स्वतः नोंद करते, एवढंच.

एक बारकावा जाणकारांसाठी. विश्वस्तांची अधिकृत नावं धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर असतात. ती लेटरहेडवरच्या नावांशी ताडून बघा, पण जुळली नाहीत तर एकदम चोर ठरवू नका. एका उत्तम चाललेल्या संस्थेच्या उताऱ्यावर सातांपैकी चार विश्वस्त कैलासवासी होते. विश्वस्त बदलल्याची नोंद करण्यासाठी फेरफार अर्ज केले होते, ते निकाली निघाले नव्हते. अर्जाची पोच दाखवा म्हटल्यावर त्यांनी फाइलच पुढे केली. फाइल निघते का, हेच बघायचं असतं.

३. कागद ठीक आहेत. प्रत्यक्ष भेटीत काय बघू?

आधी फोन करून जा. मुलींच्या वसतिगृहात किंवा मनोरुग्णांच्या संस्थेत अचानक कुणालाही आत घेतात, तर तीच खरी काळजीची गोष्ट.

तिथे गेल्यावर ऑफिसपेक्षा स्वयंपाकघरात जास्त वेळ काढा. एका वसतिगृहात कोठीच्या दारामागे छोटा फळा होता. त्यावर खडूने लिहिलेलं: दूध आलं १४ लिटर, लागलं १२, उरलं २, विरजण लावलं. सही कुणाची, तर स्वयंपाकाच्या मावशींची. तो फळा पाहुण्यांना दाखवायला लावलेला नव्हता, दार लोटलं की दिसायचाही नाही. हिशेब तपासनीस म्हणून मला त्या दिवशी दुसरं काही बघायची गरज वाटली नाही.

संस्थाचालकांना एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी काय जमलं नाही? ज्यांचं काम खरोखर चालू असतं त्यांच्याकडे यावर अर्धा तास बोलायला असतं. सगळंच छान चाललंय असं म्हणणाऱ्यांकडे मी दुसऱ्यांदा जातो, आणि मगच ठरवतो.

४. माझे पैसे थेट गरजूला मिळावेत, पगारात आणि भाड्यात जाऊ नयेत. असं सांगता येतं का?

सांगता येतं. पण सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत सगळ्यात मोठा खर्च कसला? शिक्षिकेच्या पगाराचा. ती शिक्षिका हेच तिथलं काम आहे. वह्या-दप्तरं द्यायला दहा जण रांगेत असतात. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचा मार्चचा पगार कुठून काढायचा, या विवंचनेत सचिवांची झोप उडालेली असते. ‘व्यवस्थापन खर्च पाच टक्केच हवा’ असा दट्ट्या लावला की संस्था तो खर्च दुसऱ्या नावाखाली दाखवायला शिकते. मी स्वतः असे हिशेब पाहिले आहेत. त्यात लबाडीपेक्षा देणगीदारांचा धाक जास्त असतो.

टक्क्यांपेक्षा हे बघा: विश्वस्तांच्या नात्यातल्या लोकांना पगार किंवा भाडं जातं का? वाहनखर्च कामाच्या मानाने फुगलाय का? दरवर्षी मोठी शिल्लक राहते आणि तरी ‘तातडीची गरज’ अशी हाक असते का? या प्रश्नांची उत्तरं प्र. २ मध्ये सांगितलेल्या हिशेबांतच मिळतात.

‘कॉर्पस’ म्हणून दिलेली रक्कम मात्र वेगळी. ती कायम निधीत जमा होते आणि संस्था तिचं व्याज वापरते. तसं हवं असेल तर देणगीसोबत लेखी कळवावं लागतं. तुमच्या दहा हजारांचं वर्षाचं व्याज सहा-सातशे रुपये येणार, हे ध्यानात घेऊन ठरवा.

५. दहा संस्थांना थोडं थोडं देऊ की एकीलाच सगळं?

दोन किंवा तीन. दरवर्षी त्याच. संस्थेच्या दृष्टीने पाच वर्षं महिन्याला हजार येणार हे माहीत असणं, एकदाच साठ हजार येण्यापेक्षा कैक पटींनी सोयीचं. त्या भरवशावर माणूस नेमता येतो.

माझी स्वतःची पद्धत अशी: ठरलेल्या रकमेतले दहा भागांपैकी आठ दोन संस्थांना, उरलेले दोन भाग वर्षभरात दारात येणाऱ्या अडीअडचणींसाठी मोकळे. त्यामुळे कुणाला नाही म्हणताना वाईट वाटत नाही. बजेट संपलं, एवढं सांगता येतं.

६. महिना दोनशे रुपयेच जमतात. एवढं द्यायला लाज वाटते.

अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत फिरले. त्या पैसा फंडाला लोकमान्यांचं पाठबळ मिळालं आणि त्यातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला, १९०८ मध्ये. दोनशे द्या. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे संस्थेला दरमहा आठवण करावी लागत नाही.

७. आईच्या श्राद्धाला संस्थेत अन्नदान करायचं आहे. योग्य आहे का?

भावना योग्यच आहे, तारखेचा घोळ असतो. एका बालगृहाच्या ऑफिसात भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं. सर्वपित्री अमावास्येच्या चौकटीत पाच नावं कोंबलेली, १५ ऑगस्टच्या चौकटीत चार. पुढच्या आठवड्याच्या चौकटी कोऱ्या. त्या अमावास्येला मुलांपुढे सकाळी शिरा, दुपारी श्रीखंड, चारला केक आणि रात्री गुलाबजाम आले. अधीक्षिका म्हणाल्या, ‘उद्या निम्मी पोरं पोट धरून बसतात, आणि परवा डाळ उधार आणायची असते.’

म्हणून तिथीला पैसे द्या, पण खर्चाचा दिवस संस्थेला ठरवू द्या. आईच्या नावाने महिन्याचं तेल किंवा गॅस देता येतो. घरच्यांना प्रत्यक्ष वाढायचंच असेल तर एखादा साधा मंगळवार निवडा, आणि मुलांकडून ‘थँक्यू आजी’ म्हणवून घेत फोटो काढू नका (प्र. १५ पाहा).

८. जुने कपडे, पुस्तकं, खेळणी कुठे देऊ?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीने दोन दिवसांत एकोणतीस पोती कपडे जमवले. निवडायला बसलो तर त्यात जरीचे ब्लाउज, एका पायाचे मोजे, लग्नातला कोट आणि एक ओला टॉवेल. चिखलात उभ्या असलेल्या बाईला हवी होती धुवट साडी, आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड. एकोणतिसांपैकी सहा पोती पाठवण्यालायक निघाली. बाकीची हलवायला टेम्पोचं भाडं आम्हालाच पडलं.

तेव्हा नियम सोपा: शेजारणीला निःसंकोच देऊ शकाल तेच द्या, धुऊन, आणि आधी विचारून. ग्रंथालयांना जुनी गाइडं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे नको असतात. उरलेली औषधं कुणालाही देऊ नका, डॉक्टर किंवा दवाखाना चालवणारी संस्था स्वतः मागत असेल तर गोष्ट निराळी. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला करसवलत नसते, हेही आताच सांगून ठेवतो.

९. गणपतीची वर्गणी द्यायलाच हवी का? मुलं दारात उभी राहतात.

सक्ती कुणी करू शकत नाही. उत्सवापुरती वर्गणी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी घ्यायची असते. ‘परवानगीचा कागद आणलाय का?’ असं हसत विचारा. पावतीवर मंडळाचं नाव, क्रमांक, सही बघा. आकडा तुम्ही ठरवायचा, त्यांनी आधीच पावतीवर लिहून आणलेला नव्हे.

बाकी सगळ्या मंडळांना एका मापाने मोजू नये. रक्तदान शिबिरं, अभ्यासिका, रुग्णवाहिका चालवणारी मंडळं पुण्यात पेठोपेठी आहेत. मी आमच्या मंडळाला वर्गणी गणपतीत शंभर देतो आणि जूनमध्ये त्यांच्या वह्यावाटपाला हजार. पहिल्या वर्षी पोरं चक्रावली होती.

१०. ८०जी म्हणजे नेमकं काय? निम्मे पैसे परत मिळतात ना?

नाही. ८०जी हे देणगीवर वजावट देणारं आयकर कायद्याचं कलम. निम्मे पैसे परत येतात हा गैरसमज मार्चमध्ये हमखास भेटतो. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. वीस हजार दिलेत तर दहा हजार वजा, आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला साधारण दोन हजार. त्यालाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या काही निधींना मात्र पूर्ण १०० टक्के वजावट मिळते.

नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावटच नाही. रोख दिलेल्या दोन हजारांवरच्या देणगीलाही नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन द्या. नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याला देणगीदारांची यादी मेअखेरपर्यंत भरायची आणि तुम्हाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यासाठी तुमचा पॅन संस्थेकडे हवा. पावतीवर ‘८०जी कायमस्वरूपी’ असं छापलेलं दिसलं तर ते जुनं पुस्तक समजा. २०२१ पासून ही मान्यता मुदतीची झाली आहे, चालू मान्यतेचं पत्र मागा.

२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण बोलताना सगळे ८०जीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिलं आहे.

११. देवस्थानाला किंवा आमच्या ज्ञातिसंस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी मिळतं का?

सहसा नाही. निव्वळ धार्मिक कामाला ही सवलत नाही. अपवाद अधिसूचित ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या देवळांच्या जीर्णोद्धाराचा. एका विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मसमुदायासाठीच असलेली संस्थाही बसत नाही. मात्र अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया किंवा मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना तो नियम आड येत नाही. पावतीवर ८०जी क्रमांक दिसत नसेल तर नाही, असं धरून चाला.

१२. मुलगा अमेरिकेत आहे. त्याला इथल्या संस्थेला पैसे पाठवायचे आहेत.

आधी पासपोर्ट विचारा. तो अजून भारतीय नागरिक असेल तर अनिवासी असूनही त्याची देणगी बँकेमार्फत नेहमीसारखी देता येते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. पुण्यातल्या पुष्कळ छोट्या संस्थांकडे ही नोंदणी नसते.

‘माझ्या खात्यावर टाक, मी फिरवून देतो’ ही पुणेरी युक्ती करू नका. गोत्यात संस्था येते.

१३. व्हॉट्सॲपवर उपचारासाठी मदतीचं आवाहन येतं. खरं कसं मानायचं?

आवाहनातल्या रुग्णालयाला फोन करा आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. रुग्ण दाखल आहे की नाही एवढं तरी कळतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरा. क्यूआर स्कॅन केल्यावर कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव उमटलं तर तिथेच थांबा. ऑनलाइन निधी संकलनाच्या काही मंचांवर पैसे भरताना ‘टिप’ म्हणून जादा रक्कम आधीच धरलेली असते, ती शून्य करता येते.

पण पैसे भरण्याआधी कुटुंबाला एक विचारा: धर्मादाय योजनेचा अर्ज केलाय का? धर्मादाय रुग्णालयांना कलम ४१ कक खालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. गांगरलेल्या माणसाला हे सुचत नाही. त्याच्याबरोबर दोन तास खिडक्यांपुढे उभं राहणं ही तुमच्या पाच हजारांपेक्षा मोठी मदत ठरू शकते.

१४. घरकामाच्या मावशींच्या मुलीची फी भरली तर ती देणगी धरायची का?

करासाठी नाही, बाकी सगळ्यासाठी हो. फी कॉलेजच्या खात्यात भरा, पावती मुलीकडे राहू द्या. आणि कृपा करून मावशींची सुट्टी आणि पगारवाढ यांच्याशी त्याचा हिशेब घालू नका. असं घातलेलं मी पाहिलंय.

१५. एका बालगृहाच्या फोनवाल्या मुलीने अनाथ मुलांचे फोटो पाठवले. द्यावेत का पैसे?

फोटो हाच माझ्या लेखी धोक्याचा इशारा. बालन्याय कायद्याप्रमाणे (२०१५) काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची त्याच कायद्याखाली नोंदणी लागते. त्या प्रमाणपत्राची प्रत मागा. धर्मादायची नोंदणी तिला पर्याय नाही. फोनवरून निधी जमवणाऱ्या कंपन्या संस्थेकडून त्याचा मोबदला घेतात, तेव्हा त्या मुलीला नम्रपणे विचारा, की तू संस्थेत नोकरीला आहेस का. पैसे द्यावेसे वाटले तरी त्या फोनवर देऊ नका, प्र. २ आणि ३ उरकून मग थेट संस्थेला द्या.

१६. आम्हाला मूलबाळ नाही. फ्लॅट संस्थेला द्यायचा विचार आहे.

वकिलाला गाठाच, पण एक गोष्ट आधी ऐका. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि त्यात काळ जातो. तोवर मेंटेनन्स, कर, गळती, भाडेकरू हे सगळं संस्थेच्या गळ्यात. कोथरूडचा वन बीएचके मिळाल्याने हैराण झालेली संस्था मी पाहिली आहे. त्यापेक्षा मृत्युपत्रात असं लिहिता येतं, की मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या माणसाने (एक्झिक्युटरने) फ्लॅट विकावा आणि आलेली रक्कम संस्थेला द्यावी. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. ‘पुण्यातील अंध मुलांची शाळा’ एवढंच लिहिलंत तर नातेवाईक आणि दोन संस्था कोर्टात भेटतील.

संस्थेला हे हयातीत सांगून ठेवा. त्यांना खरंच हवं आहे का, तेही कळेल.

१७. पैसे नाहीत, वेळ आहे. काय करू?

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात आणि ऐन परीक्षेत ते मिळत नाहीत. अनेक परीक्षांना लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे तुमच्या नातवंडांना यात ओढा. तुम्ही स्वतः पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू शकता. हिशेब येत असेल तर कुठल्याही छोट्या संस्थेत जाऊन महिन्यातून दोन दुपारी व्हाउचर लावून द्या. या कामाला कुणीच येत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

कबूल केलेल्या दिवशी जायचं. दोनदा टांग मारणाऱ्या स्वयंसेवकापेक्षा नसलेला बरा, असं संस्थावाले तोंडावर म्हणत नाहीत एवढंच.

१८. पाच वर्षं देत होतो. आता संस्थेचं काम बिघडल्यासारखं वाटतं. काय करावं?

गुपचूप थांबू नका. विश्वस्तांना पत्र लिहा, काय खटकलं ते तारखेनिशी सांगा आणि एक महिना वाट बघा. पुष्कळदा जुने सचिव गेलेले असतात, नवे शिकत असतात, आणि उत्तर समाधानकारक येतं. नाही आलं तर देणगी थांबवा. पैशांचा गैरवापर झाल्याची खूण असेल तर सह धर्मादाय आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. पावत्या, पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या प्रती जोडा. ‘सगळे म्हणतात’ असं वाक्य त्या अर्जात एकदाही येऊ देऊ नका. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आवक शिक्का मारलेली.